गॉन्झो : बातमीदार बातमीपेक्षा मोठा झाला, त्याची गोष्ट

टिपणवही

हंटर एस. थॉम्पसन या अमेरिकन पत्रकारावर ॲलेक्स गिबनी यांनी २००८ साली केलेला 'गॉन्झो : द लाइफ अँड वर्क ऑफ डॉ. हंटर एस. थॉम्पसन' हा सुमारे दोन तासांचा माहितीपट मी नुकताच दुसऱ्यांदा पाहिला. पहिल्या वेळी मला त्यातल्या बंदुका, व्हिस्की आणि मोटारसायकली यांचीच गंमत वाटली होती, आणि माझ्या अंदाजाने बहुतेक प्रेक्षकांचे तसेच होत असावे. या खेपेस मात्र मी एवढेच पाहत राहिलो की प्रत्येक प्रसंगात हा माणूस नेमका कुठे उभा आहे आणि तिथे तो कोणाला ओळखू येतो आहे. या एका नजरेने पाहिले तर सगळा माहितीपट वेगळाच दिसतो, म्हणून हा धागा काढत आहे.

सुरुवातीच्या थॉम्पसनला कोणीही ओळखत नव्हते. १९३७ साली केंटकीतल्या लुइव्हिल गावी जन्मलेला हा मुलगा हवाई दलाच्या तळावरील वृत्तपत्रात क्रीडाविभाग सांभाळून पत्रकारितेत आला. पुढे 'द नेशन'साठी हेल्स एंजल्स या मोटारसायकलस्वारांच्या टोळीवर त्याने १९६५ साली एक लेख लिहिला आणि त्यावरून पुस्तकाचे काम मिळाल्यावर तो सुमारे वर्षभर त्या टोळीबरोबर राहिला. तोवर या टोळीविषयी छापून येणारा मजकूर बव्हंशी पोलिसांच्या अहवालांवरून उतरवलेला असे. थॉम्पसन त्यांच्याबरोबर दारू प्यायला, रस्त्यावर उतरला आणि १९६६ साली त्यांच्याच हातचा मारही खाऊन आला. त्यानंतर एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात टोळीतला एक जण मोटारसायकलवरून थेट स्टुडिओत येतो आणि सर्वांसमक्ष त्याला जाब विचारतो, ते चित्रीकरण माहितीपटात आहे. त्या वेळचा थॉम्पसनचा चेहरा मुद्दाम पाहावा. तिथे बेदरकारपणाचा मागमूस नाही. शब्द जपून वापरणारा, अवघडलेला एक बातमीदार तेवढा दिसतो.

'गॉन्झो', म्हणजे बातमीदार स्वतःच बातमीतले पात्र होतो ती लेखनशैली, हा शब्द नंतरचा आहे. १९७० च्या मे महिन्यात 'स्कॅनलन्स मंथली' या मासिकाने त्याला केंटकी डर्बीच्या घोड्यांच्या शर्यतीवर लिहायला पाठवले आणि सोबत राल्फ स्टेडमन हा ब्रिटिश व्यंगचित्रकार दिला. दोघांची ही पहिलीच भेट. स्टेडमन रंग आणि शाया टॅक्सीत विसरून आला होता, त्यामुळे संपादकाच्या पत्नीकडून मिळालेल्या लिपस्टिक आणि प्रसाधनांच्या नमुन्यांनी त्याने चित्रे काढली. लेखात शर्यतीविषयी जेमतेम काही ओळी आहेत. सगळा वेळ हे दोघे प्रेक्षकांत एक विशिष्ट बटबटीत, व्यसनांनी सुजलेला चेहरा शोधत फिरतात, कारण चित्रासाठी तो हवा असतो. आणि शेवटी तो त्यांना आरशात सापडतो. मुदत टळत चालली तेव्हा थॉम्पसनने लेख लिहून पुरा करण्याऐवजी वहीतली पाने फाडून तशीच पाठवली. आपली पत्रकारिता आता संपली अशी त्याची खात्री झाली होती. प्रत्यक्षात कौतुकाची पत्रे आली. बिल कार्डोसो या पत्रकार मित्राने त्या लेखाला 'गॉन्झो' म्हटले आणि ते नाव त्याला कायमचे चिकटले.

माझ्या मते माहितीपटाचा सर्वांत भरीव भाग १९७२ च्या अध्यक्षीय निवडणुकीचा आहे. 'रोलिंग स्टोन' या पाक्षिकासाठी थॉम्पसन वॉशिंग्टनला राहायला गेला आणि त्याने वर्षभर उमेदवारांचा पाठलाग केला. बाकीच्या वार्ताहरांना निवडणूक संपल्यावरही त्याच नेत्यांच्या दारात उभे राहायचे होते, त्यामुळे रात्री बारमध्ये एकमेकांना सांगितलेल्या गोष्टी सकाळच्या बातमीत उतरत नसत. थॉम्पसनला परत यायचेच नव्हते. पूल जाळून टाकण्याची मुभा आपल्याला होती, हे त्याने स्वतः नोंदवून ठेवले आहे. त्याच्या वेगळेपणाचे गूढ उकलायला लोक मादक पदार्थांपाशी जातात. मला वाटते, ते या नोकरीच्या अटींत जास्त आहे. त्या काळचे फॅक्स यंत्र तो सोबत वागवत असे. त्याला त्याने 'मोजो वायर' असे नाव दिले होते आणि छपाईची वेळ अगदी गळ्याशी आली की त्यातून एकेक पान संपादकांकडे सरकू लागे. तेव्हाचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्याविरुद्ध उभे राहिलेले डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार जॉर्ज मॅकगव्हर्न पन्नासपैकी एकोणपन्नास राज्यांत हरले. त्यांच्या प्रचाराची सूत्रे सांभाळणारे फ्रँक मँकिविच यांनी थॉम्पसनच्या वृत्तान्ताविषयी म्हटले की त्यात तथ्ये सर्वांत कमी आहेत, पण सर्वांत अचूक तोच आहे.

यानंतर घसरण सुरू होते आणि तिची तारीख सांगता येते. ३० ऑक्टोबर १९७४ रोजी झाईरमधल्या किन्शासा येथे महंमद अली आणि जॉर्ज फोरमन यांची लढत होती. 'रोलिंग स्टोन'ने थॉम्पसन आणि स्टेडमन या दोघांनाही तिथे पाठवले होते. स्टेडमन स्टेडियमकडे निघायच्या तयारीत असताना थॉम्पसनने तिकिटे देऊन टाकलेली होती, हॉटेलच्या तरणतलावात गांजा ओतला होता आणि तो त्यात तरंगत होता. त्या शतकातली सर्वांत मोठी मुष्टियुद्धाची लढत काही अंतरावर चालली असताना ती पाहायला पाठवलेला बातमीदार पाण्यात पडून होता. लेख कधीच लिहिला गेला नाही. त्याच वर्षी 'डून्सबरी' या व्यंगचित्रमालिकेत त्याच्यावरून बेतलेले 'अंकल ड्यूक' हे पात्र आले. १९७८ च्या बीबीसीच्या एका चित्रीकरणात तो सांगतो की लोक व्याख्यानाला बोलावतात ते मला की त्या पात्राला, हे माझे मलाच कळत नाही. गर्दीच्या कडेला कोणाच्या लक्षात न येता उभे राहणे हे ज्याचे भांडवल, त्याच्याभोवतीच गर्दी जमू लागली होती.

रात्रपाळी

लेख मनापासून लिहिला आहे, परंतु एका मुद्द्यावर तुम्ही फार सहज पुढे गेलात असे वाटते. मी एका दैनिकात अनेक वर्षे उपसंपादक होतो. एकदा एका तरुण वार्ताहराने घटनास्थळी न जाताच प्रत्यक्षदर्शीचे बोलणे 'रचून' पाठवले होते आणि आवृत्ती सुटल्यावर ते उघडकीला आले. दुसऱ्या दिवशी आलेले दूरध्वनी मीच घेतले, त्यामुळे 'तथ्ये कमी पण अचूक' हे वाक्य मला ऐकायला छान आणि वापरायला घातक वाटते.

१९७२ च्या निवडणुकीत एडमंड मस्की हे डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीचे प्रबळ दावेदार होते. ते 'आयबोगेन' नावाचा मादक पदार्थ घेतात, अशी बोलवा मिलवॉकीत आहे, असे थॉम्पसनने छापले. पुढे त्याचा खुलासा काय, तर मस्की तो पदार्थ घेतात असे मी म्हटलेच नव्हते, तशी बोलवा आहे एवढेच म्हटले होते, आणि ती बोलवा खरीच होती, कारण ती मीच उठवली होती. हे वाचून हसू येते, मलाही आले. पण आज कोणी असे केले तर आपण त्याला काय म्हणू? माहितीपट या प्रसंगाकडे चुटक्यासारखा पाहतो, आणि चौकशी आयोगाच्या बारकाईने माहितीपट करणाऱ्या दिग्दर्शकाकडून मला ते अपेक्षित नव्हते. अफगाणिस्तानातल्या एका टॅक्सीचालकाच्या कोठडीतील मृत्यूवरच्या माहितीपटासाठी ज्यांना ऑस्कर मिळाले, तेच हे गिबनी.

टिपणवही

रात्रपाळी, तुमचा आक्षेप मी मान्य करतो, पण त्याच निवडणुकीतली दुसरी एक गोष्ट शेजारी ठेवून पाहावी. मस्की यांच्या प्रचाराला तडा गेला तो आयबोगेनच्या आधीच. फेब्रुवारीत न्यू हॅम्पशायरमधल्या एका दैनिकाने एक पत्र छापले आणि त्यावरून मस्की फ्रेंच-कॅनेडियन लोकांना हिणवतात असा ग्रह झाला. त्या दैनिकाच्या कचेरीबाहेर, पडत्या बर्फात उभे राहून त्यांनी उत्तर दिले आणि ते रडले, अशी बातमी देशभर गेली. गालावर अश्रू होते की वितळलेले बर्फ, यावर अजून एकमत नाही. पत्र बनावट होते आणि त्याचा माग निक्सन यांच्या माणसांपर्यंत जातो, हे लोकांना ऑक्टोबरमध्ये कळले. म्हणजे ज्या बातमीने एका उमेदवाराचे खरे नुकसान केले, ती सर्व रीतसर चौकटींतून गेलेली होती. विक्षिप्त माणसाची थाप त्यानंतरची, आणि ती मुळात न पटावी इतकी अचाट होती.

यामुळे थापेचे समर्थन होत नाही, हे मलाही कळते. लोकांनी ती खरी मानली याचे थॉम्पसनलाच नवल वाटले होते, आणि ती त्याची गफलत होती. वाचकाला अतिशयोक्ती आणि वार्ता यांतला फरक आपोआप कळतो, हे त्याने गृहीत धरले होते.

पानोपानी

या चर्चेवरून आचार्य अत्रे आठवणे अपरिहार्य आहे. 'गेल्या दहा हजार वर्षांत' असे काही झाले नाही, असे अत्रे लिहीत तेव्हा कोणी वाचक वर्षे मोजायला बसत नसे. त्या वाक्यातली अतिशयोक्ती हीच त्या वाक्याची खूण होती. 'मराठा'च्या अग्रलेखांत प्रतिपक्षावर जी आतषबाजी होई, ती आणि थॉम्पसनने निक्सनवर केलेला मारा यांत मला सख्खे नाते दिसते.

रात्रपाळी

नाते आहे, पण चुलत. अत्रे अग्रलेखात गर्जत, आणि अग्रलेख हे मताचेच ठिकाण आहे हे वाचकाला ठाऊक असते. थॉम्पसन तेच वृत्तान्ताच्या जागेवर करतो. शिवाय अत्र्यांच्या पाठीशी एक चळवळ होती, सभा होत्या, समोर लाखोंचा समुदाय होता. थॉम्पसनने १९७० मध्ये कोलोरॅडोतल्या ॲस्पेन या गावी शेरीफपदाची, म्हणजे स्थानिक पोलीसप्रमुखपदाची, निवडणूक लढवून तसे काही उभे करायचा प्रयत्न केला, तो हरला आणि पुन्हा त्या वाटेला गेला नाही.

सरहद्द

ॲस्पेनचा उल्लेख झालाच आहे तर त्यावर थोडे थांबायला हवे, कारण माहितीपटातला तो भाग हसवतो आणि त्याच वेळी गंभीरही आहे. रस्त्यांवरचे डांबर उखडून तिथे हिरवळ लावावी, आणि जमिनींचे दलाल गावाच्या नावावर पैसे कमावतात म्हणून गावाचे नावच बदलून 'फॅट सिटी' करावे, असे त्याच्या जाहीरनाम्यात होते. रिपब्लिकन प्रतिस्पर्ध्याचे केस लष्करी पद्धतीने अगदी बारीक कापलेले होते, तर थॉम्पसनने स्वतःच्या डोक्याचा चकोट केला आणि भर सभेत त्याला 'माझे लांब केसांचे प्रतिस्पर्धी' म्हणू लागला. हा निव्वळ पोरखेळ असता तर दोन्ही प्रस्थापित पक्षांनी त्याला पाडण्यासाठी आपापला एकेक उमेदवार मागे घेऊन समझोता केला नसता. दलालांपासून गाव वाचवण्याची त्याची भाषा आज पर्यटनाने गिळलेल्या कुठल्याही डोंगराळ गावातला माणूस सहज समजू शकेल.

मला निक्सनविषयीही एक भर घालायची आहे. १९६८ च्या न्यू हॅम्पशायरच्या प्रचारात निक्सन यांना विमानतळाच्या वाटेवर फुटबॉलवर गप्पा मारायला कोणीतरी हवे होते आणि पत्रकारांतून निवड झाली ती थॉम्पसनची. अट एकच, की राजकारणाचा शब्दही काढायचा नाही. मोटारीत दोघे फक्त फुटबॉलवर बोलले, आणि निक्सन यांना या खेळातले खरोखरच सखोल कळते, हे थॉम्पसनने नंतर प्रामाणिकपणे लिहिले. ज्या माणसाचा आपण पराकोटीचा द्वेष करतो, त्याच्या जमेची ही बाजू टिपून ठेवणे मला कुठल्याही आचारसंहितेपेक्षा अधिक बोलके वाटते. याच थॉम्पसनने १९९४ साली निक्सन यांच्या निधनानंतर जो मृत्युलेख लिहिला त्यात दयामाया शोधूनही सापडत नाही, आणि पत्रकारितेच्या तटस्थतेच्या आंधळ्या नियमांमुळेच हा माणूस व्हाइट हाउसपर्यंत सरपटत पोहोचू शकला, असा आरोपही आहे.

उंबरठा

माझी तक्रार माहितीपटाच्या मांडणीविषयी आहे. थॉम्पसनचा मजकूर जॉनी डेप वाचतो आणि उत्तम वाचतो. लास व्हेगासच्या टेकडीवरून पश्चिमेकडे पाहिले तर साठच्या दशकाची लाट जिथवर येऊन ओसरली त्याची खूण दिसते, हा 'फिअर अँड लोदिंग इन लास व्हेगास' या थॉम्पसनच्या पुस्तकातला प्रसिद्ध उतारा डेपच्या आवाजात अंगावर येतो. पण १९९८ च्या ज्या कथापटात डेपने थॉम्पसनची भूमिका केली, त्यातली दृश्येही गिबनी मधूनमधून पेरतात. त्यामुळे समोर दिसतो तो खरा माणूस, नट की नटाच्या आवाजातला माणूस, हे क्षणभर कळेनासे होते. मूळ लेखाचा मुद्दा, म्हणजे पात्राने माणसाला गिळले हा, मानला तर माहितीपट त्या गिळण्याला हातभारच लावतो. शिवाय १९७५ नंतरची तीस वर्षे घाईघाईत उरकली आहेत. फारसे न लिहिणाऱ्या लेखकाची रोजची सकाळ कशी उजाडते, हे मला पाहायला आवडले असते.

त्या घाईतही एक बाई लक्षात राहतात, त्या म्हणजे त्याच्या पहिल्या पत्नी. २० फेब्रुवारी २००५ रोजी, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, थॉम्पसनने आपल्या घरी स्वतःवर गोळी झाडून घेतली. मुलगा, सून आणि नातू त्या वेळी त्याच घरात होते. पुढे ऑगस्टमध्ये १५३ फूट उंच मनोऱ्यावरच्या तोफेतून त्याची रक्षा आकाशात उडवण्यात आली, आणि खर्च डेपने केला. मनोऱ्याच्या टोकाला दोन अंगठे असलेली मूठ होती. ती कल्पना थॉम्पसन आणि स्टेडमन यांनी सत्तरच्या दशकातच रंगवलेली. या सगळ्या सोहळ्यात अनेक जण त्या मृत्यूला धाडसाचे वलय देतात. पहिल्या पत्नी ते देत नाहीत. देश अशा वळणावर असताना शुद्धीवरचा हंटर उपयोगी पडला असता, असा त्यांचा सूर आहे. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर लगेच त्याने एका क्रीडाविषयक संकेतस्थळावरच्या स्तंभात, शत्रू कोण हे धड ठाऊक नसलेल्या आणि आपल्या हयातीत न संपणाऱ्या युद्धाचे भाकीत केले होते, हे आठवले म्हणजे त्यांचे म्हणणे अधिक टोचते.

टिपणवही

उंबरठा, मांडणीविषयीची तुमची तक्रार रास्त आहे, आणि कथापटातल्या दृश्यांची मलाही अडचण झाली. परंतु त्याच माहितीपटात गिबनी यांनी थॉम्पसनच्या जुन्या ध्वनिफिती वापरल्या आहेत, आणि रात्रपाळी यांच्या मूळ आक्षेपाकडे मी त्यांच्याच आधाराने परत येतो.

हा माणूस सतत ध्वनिमुद्रण करत असे. १९७४ च्या मे महिन्यात जॉर्जिया विद्यापीठातल्या एका समारंभाला तो गेला होता. जेवणाच्या वेळी तो पुनःपुन्हा बाहेर मोटारीकडे जात होता, कारण व्हिस्कीची बाटली तिथे ठेवलेली होती. मग त्या राज्याचे गव्हर्नर बोलायला उभे राहिले आणि वकील व न्यायाधीशांच्या तोंडावर, गरिबाला या व्यवस्थेत न्याय कसा मिळत नाही, ते सांगू लागले. थॉम्पसन पुन्हा एकदा मोटारीकडे पळाला, पण या वेळी ध्वनिमुद्रक आणायला. ते गव्हर्नर म्हणजे जिमी कार्टर, आणि माहितीपटात ते स्वतः बोलले आहेत.

आता लास व्हेगास. सर्वांत भन्नाट, सर्वांत बनावट वाटणारे पुस्तक ते. त्याची सुरुवात 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'ने वाळवंटातल्या मोटारसायकल शर्यतीसाठी मागितलेल्या अडीचशे शब्दांच्या चित्रओळींनी झाली आणि थॉम्पसनने अडीच हजार शब्द पाठवल्यावर ते साभार परत आले. सोबतीला ऑस्कर झीटा अकोस्टा हा वकील होता. १९७० च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसमध्ये रुबेन सालाझार या पत्रकाराचा शेरीफच्या माणसाने झाडलेल्या अश्रुधुराच्या नळकांड्याने मृत्यू झाला होता. त्या प्रकरणावर थॉम्पसन एक रीतसर, पुराव्यांनी भरलेला लेख लिहीत होता, आणि अकोस्टाशी निवांत बोलता यावे म्हणून ते दोघे त्या शहरातून बाहेर पडले होते. पुस्तकात एके ठिकाणी हे दोघे खाद्यगृहात थांबून तिथल्या बाईला 'अमेरिकन ड्रीम' कुठे सापडेल असे विचारतात. तिला ते एखाद्या ठिकाणाचे नाव वाटते आणि ती सहकाऱ्याला विचारून पत्ता सांगू लागते. ही तर सरळ रचलेली गंमत, असे मी कित्येक वर्षे समजत होतो.

त्या प्रसंगाची ध्वनिफीत माहितीपटात ऐकू येते. बाईचा आवाज अगदी मदतीच्या सुरातला आहे. पूर्वी ज्याला 'सायकायट्रिस्ट्स क्लब' म्हणत ते तर नव्हे ना, अशी चर्चा काउंटरवर होते आणि कुठे वळायचे तेही सांगितले जाते. पुस्तकानुसार पुढे ते दोघे त्या पत्त्यावर गेले, तेव्हा रानगवत माजलेल्या मोकळ्या भूखंडावर जळून तडकलेल्या काँक्रीटचा एक चौथरा होता, आणि समोरच्या माणसाने सांगितले की ती जागा तीनेक वर्षांपूर्वीच जळाली.